खरंखुरं खोटं नाणं

माझ्या हातात नाणं म्हणून कधी टिकलं नाही. नोकरीत होतो तेव्हा एक तारखेला आलेला पगार दहा तारखेपर्यंत वाणी, दूधवाला आणि मुलांची फी यांच्याकडे रीतसर पोचायचा, आणि उरलेले वीस दिवस आम्ही घरी बसून अर्थशास्त्राचा अभ्यास करायचो. असं असूनही एके काळी आमच्या कचेरीत माझी ‘नाणेसंग्राहक’ म्हणून ख्याती होती. ही ख्याती सुमारे सव्वा महिना टिकली. ती कशी आली आणि कशी गेली, त्याची ही हकीकत. तिच्यात दिल्लीचा एक सुलतान, आमची सौ., फारसीचे एक निवृत्त मास्तर आणि एक जादा नाणं अशी चार मुख्य पात्रं आहेत. पैकी सुलतान पावणेसातशे वर्षांपूर्वीच निवर्तला असल्यामुळे त्याच्याविषयी मोकळेपणानं लिहिलं आहे. सौ.विषयी जपून लिहिलं आहे.

१९८३ च्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब वेरूळ-दौलताबादची सहल काढली. दौलताबादचा किल्ला ज्यांनी चढला आहे त्यांना तिथली ‘अंधारी’ ठाऊक असेल. डोंगराच्या पोटातला तो काळोखाचा बोगदा, वर वटवाघळं, खाली वाकड्यातिकड्या पायऱ्या. वाटाड्यानं पलिता विझवून दाखवला तेव्हा सौ.नं माझा हात घट्ट धरला. लग्नानंतर तिनं स्वखुशीनं माझा हात धरल्याची ही दुसरी वेळ असावी. त्यामुळे किल्ला उतरून पायथ्याशी आलो तेव्हा मी जरा उदार मनःस्थितीत होतो. आणि नेमका तिथंच तो फडकं पसरून बसला होता.

“साब, तुघलक का सिक्का! असली! यहीं का है, दौलताबाद का!”

फडक्यावर पिवळसर, काळपट, गोल नाणी मांडलेली होती. एकेकाचे पन्नास रुपये म्हणाला. मी पाठ फिरवली. तो चाळीसवर आला. मी चार पावलं चाललो. अखेर सहा नाणी एकशेवीस रुपयांना घेऊन मी विजयी मुद्रेनं एस. टी. त चढलो. सौ. फुलंब्री येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. मग म्हणाली, “एवढ्या पैशांत पितळेची चांगली परात आली असती. आणि तिच्यात कणीकसुद्धा मळता आली असती.”

मी तिला इतिहासाचं महत्त्व पटवून द्यायला सुरुवात केली, आणि तेव्हा लक्षात आलं की मला इतिहास येत नाही. शाळेत आम्हाला महंमद तुघलक दोन वाक्यांत शिकवला होता: त्यानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला नेली; त्यानं तांब्या-पितळेची नाणी काढली. तिसरं वाक्य आपोआप यायचं, ते म्हणजे तो वेडा होता. मराठीत ‘तुघलकी कारभार’ हा शब्द रुळलाय तो त्यामुळेच. आमच्या कचेरीत पंखा बंद पडला तरी तो तुघलकी कारभार असायचा. तेव्हा परत आल्यावर मी वाचनालयात जाऊन बसलो. एकशेवीस रुपये वसूल करण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

वाचत गेलो तसा मी चकित होत गेलो. हा वेडा मनुष्य फारसी आणि अरबीत पंडित, तत्त्वज्ञान आणि वैद्यक यांत मुरलेला, आणि अक्षर असं वळणदार की कारकुनांनी लाजावं. १३२५ साली तो तख्तावर आला. त्याच्या आधीपासून दिल्लीच्या सुलतानांचा चांदीचा टंका चालत होता, वजनाला सुमारे अकरा ग्रॅम. ‘टंका’ शब्द आपल्याला परका नाही. आपली टांकसाळ ती टंकशाळाच. याच देवगिरीच्या यादवांच्या कमळछाप सोन्याच्या नाण्याला पद्मटंका म्हणत. आणि बांगलादेशात आजही लोक टाका मोजतात. महंमदानं आल्या आल्या या टंक्यांच्या घरात उलथापालथ केली. सोन्याचा जवळजवळ तेरा ग्रॅमचा जाडजूड दिनार काढला, चांदीची नऊ ग्रॅमची ‘अदली’ काढली. त्याची सोन्याची नाणी इतकी देखणी आहेत की नाण्यांच्या अभ्यासकांनी पुढं त्याला नाणी पाडणाऱ्यांतला राजपुत्र म्हटलं. वेडा म्हणणारे इतिहासकार वेगळे आणि राजपुत्र म्हणणारे वेगळे. पहिल्यांनी त्याची कारकीर्द पाहिली होती, दुसऱ्यांनी त्याची नाणी.

पण राज्य चालवायला देखणेपण पुरत नाही. १३२७ च्या सुमारास त्यानं दौलताबाद ही राजधानी केली. अमीर-उमराव, काझी-मौलवी, सूफी संत असा सारा लवाजमा शेकडो कोस दक्षिणेत आला. त्यातले कितीतरी पुन्हा परत गेलेच नाहीत. जवळच्या खुलताबादेत त्यांच्या कबरी आहेत. त्यात सुलतानाच्या मनात खुरासान जिंकायचं आलं. त्यासाठी त्यानं फौज उभी केली. बरनी नावाचा त्याचा दरबारी इतिहासकार तिचा आकडा ३ लाख ७० हजार सांगतो. आकडा निम्मा धरला तरी पगाराची एक तारीख कशी येत असेल याची कल्पना मला कारकून म्हणून करता येते. फौज वर्षभर बसून पगार खात राहिली आणि खुरासान होतं तिथंच राहिलं. खजिन्यातली चांदी आटली. तशी त्या काळी चांदीची चणचण इतर देशांतही होती.

तेव्हा सुलतानाला एक कल्पना सुचली. ती वेड्याची कल्पना नव्हती. चीनमध्ये कुबलाईखानानं १२६० पासून तुतीच्या सालीच्या कागदावर नोटा छापून राज्य चालवलं होतं. मग चांदीच्या टंक्याच्या जागी पितळेचा टंका का चालू नये? मोल धातूचं नसतं, ते सुलतानाच्या शब्दाचं असतं! आज आपण खिशात ज्या नोटा बाळगतो त्यांचं तत्त्व याहून निराळं काय आहे? रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर वचन देतो आणि आपण त्यावर भाजी आणतो. एक रुपयाच्या नोटेवर तर ते वचनसुद्धा नसतं. ती सरकारची स्वतःची, खाली अर्थखात्याच्या सचिवाची सही. तिच्यावर आपण दहा पैशांनी जास्त विश्वास ठेवतो असं काही नाही.

त्याच्याआधी इराणात हा प्रयोग एकानं करून पाहिला होता. १२९४ साली तिथल्या मंगोल राजानं, गयखातूनं, तबरीझमध्ये चिनी पद्धतीच्या कागदी नोटा काढल्या. बाजारानं दुकानं बंद केली, शहरात खायची पंचाईत झाली, आणि जेमतेम दोन महिन्यांत नोटा मागं घ्याव्या लागल्या. सुलतानाला हे माहीत असेल तर त्यानं त्यातून एवढाच बोध घेतला असावा, की चूक कागदाची होती. म्हणून त्यानं धातू घेतला.

हिजरी ७३० ते ७३२, म्हणजे १३२९ ते १३३२ च्या दरम्यान ही नाणी निघाली. माझ्या नाण्यावर काय लिहिलंय ते मी पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलं. एका बाजूला फारसीत मजकूर, की आशाळभूत सेवक महंमद तुघलक याच्या काळात चालणारा हा टंका म्हणून शिक्का मारला आहे. दुसऱ्या बाजूला अरबीत, की जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो परमेश्वराची आज्ञा पाळतो. कडेनं टांकसाळीचं नाव ‘तख्तगाह दौलताबाद’ आणि अक्षरांत लिहिलेलं साल. आपण सोन्याच्या नाण्यावर कधी लिहितो का, की कृपया हे सोनं समजावं? सोनं बोलत नाही. पितळेला बोलावं लागतं. याच मालिकेतल्या एका लहान नाण्यावर तर असंही म्हटलंय की सुलतान नसता तर माणसांनी एकमेकांना खाल्लं असतं. ज्याला आपल्या नाण्याची खात्री आहे तो इतकं बोलत नाही, हे मला लग्नाच्या बाजारातल्या अनुभवावरूनही सांगता येईल.

पुढं जे झालं ते बरनीनं लिहून ठेवलंय. हा गृहस्थ सतरा वर्षं सुलतानाच्या पदरी होता आणि त्यानं इतिहास लिहिला तो सुलतान वारल्यावर, हलाखीत. निवृत्त माणसानं जुन्या साहेबाविषयी लिहिलेलं जसं असतं तसं ते आहे: थोडं कौतुक, बरीचशी मळमळ. तो म्हणतो, घरोघरी टांकसाळी निघाल्या. तो हे हिंदूंच्या घरांविषयी म्हणतो. पण पितळ आणि मोह या दोन वस्तू कुठल्याही एका धर्माच्या घरात राहत नाहीत. कारण साधं होतं. चीनच्या नोटेवर खोटी नोट करणाऱ्याला देहदंड हे छापलेलंच असे, आणि तसा कागद करणं येरागबाळ्याचं काम नव्हतं. इथं हंडा, कळशी, परात हा सगळा कच्चा माल प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात. तांबट, सोनार गल्लोगल्ली. सरकारी नाण्यावर ओळखीची एकही गुप्त खूण नाही. लोकांनी चांदीचे टंके जमिनीत पुरले आणि सारा भरला तो परातीचा. हा मनुष्यस्वभावच आहे. खिशात एक कोरी नोट आणि एक फाटकी असली की आपण कंडक्टरला कुठली देतो? काही दिवसांत बाजारात ती नाणी खापराच्या तुकड्याइतकी झाली.

आणि आता ती गोष्ट, जी मला शाळेत कुणी सांगितली नव्हती. सुलतान संतापला, पण त्यानं फर्मान काढलं ते असं, की ज्याच्याकडे पितळी टंके असतील त्यानं ते खजिन्यात आणून द्यावेत आणि बदली सोन्या-चांदीचे घेऊन जावेत. खरे-खोटे निवडायची सोय नव्हती. लोक पोती घेऊन आले. परातीची झालेली नाणी देऊन चांदी घेऊन गेले. तुघलकाबादेत पितळेचे ढीग डोंगरासारखे साठले, असं बरनी म्हणतो. म्हणजे त्यानं आपल्या शब्दाची किंमत तर चुकवलीच, वर जो शब्द त्यानं दिलाच नव्हता, दुसऱ्या कुणी त्याच्या नावानं परस्पर दिला होता, त्याचीही चुकवली.

सुलतानाचा स्वतःच्या नावावरचा विश्वास त्यानंतर उडाला असावा. काही वर्षांनी त्यानं नाण्यांवरून आपलं नावच काढून टाकलं आणि कैरोच्या खलिफाचं, अल-मुस्तक्फीचं नाव घातलं. आपला शब्द चालत नाही तर मोठा जामीनदार आणावा, असा हिशेब. दैव असं की हा जामीनदार १३४० सालीच वारला होता आणि दिल्लीला पत्ता नव्हता. तरी पुढची दोन-तीन वर्षं नाणी त्याच्याच नावानं पडत राहिली. सहकारी पतपेढीत काम केलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

हे सगळं मी कचेरीत मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता, रंगवून सांगू लागलो. आमच्या हिशेबखात्यात मी त्यापूर्वी कुणाला फारसा माहीत नव्हतो. आता लोक भाजी पुढं सरकवून “मग सुलतानानं काय केलं?” असं विचारू लागले. मोरोक्कोहून १३३३ साली आलेला इब्न बतूता, त्याला दिल्लीच्या काझीपदाचा वर्षाला १२ हजार दिनार पगार आणि तरी डोक्यावर कर्ज, हे ऐकून तर साऱ्या खात्याला तो आपला माणूस वाटला. पुढं तो दौलताबादेतूनही गेला आणि तिथल्या तुरुंगात मांजराहून मोठे उंदीर असल्याचं लिहून गेला, हे ऐकल्यावर आमच्या रेकॉर्डरूमच्या माणसानं फक्त मान डोलावली.

मग एकानं विचारलं, “एखादं नाणं देणार का?” मी आढेवेढे घेतले. तीन दिवसांत पाच नाणी गेली. पंचवीस रुपयांप्रमाणे. वरचे पाच रुपये एस. टी. चं भाडं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. एक स्वतःसाठी ठेवलं. घरी येऊन सौ.च्या हातावर सव्वाशे रुपये ठेवले. तिनं ते मोजले आणि मोहरीच्या डब्यात टाकले. आमच्या घरची रिझर्व्ह बँक म्हणजे तो डबा. १९७८ च्या जानेवारीत हजाराच्या, पाच हजारांच्या आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा या बँकेला तिळमात्र धक्का लागला नव्हता. उलट दहा हजाराची नोट असते ही माहिती आम्हाला त्या निमित्तानं मिळाली.

“परात कधी आणायची?” एवढंच ती म्हणाली.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण ख्यातीची चटक वाईट. आमच्या पेठेत फारसीचे एक निवृत्त मास्तर राहत. त्यांना सगळे ‘सर’च म्हणत. नाण्यांचा अभ्यास म्हणजे त्यांचं देवघर. त्यांनी चार शब्द बरे बोलावेत म्हणून मी माझं नाणं घेऊन गेलो. आणि तुलनेला असावीत म्हणून कचेरीतल्या दोघांचीही मागून नेली.

सरांनी खिडकीत बसून भिंग लावलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एक नाणं फरशीवर टाकलं. बद्द वाजलं.

“पितळ आहे, असंच वाजायचं,” मी म्हणालो.

“पितळ आहे, पण ओतलेलं आहे,” सर म्हणाले. “ठोकलेलं नाही. जुनी नाणी कशी पाडत? खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर तापवलेली चकती, वरचा ठसा हातात धरायचा आणि घण घालायचा. प्रत्येक घाव वेगळा. त्यामुळे एक नाणं दुसऱ्यासारखं हुबेहूब नसतं. आता ही तुमची तीन पाहा. कडेला बारीक शिवण दिसते? साच्याच्या दोन फाळ्या जिथं जुळल्या तिथली. आणि ‘सुलतान’ शब्दावर हा ओरखडा. तिन्हींवर, त्याच जागी, तेवढाच. एका खऱ्या नाण्यावरून साचा केला, त्या नाण्यावर ओरखडा होता.”

“म्हणजे खोटी?”

“खोटी.”

“पण सर, त्या काळीही लोकांनी खोटी केलीच होती...”

सर एकदम उजळले. “हां! हाच प्रश्न आहे! खोटं, पण कधीचं? १३३१ साली कुणा तांबटानं रात्री दार लावून केलेलं खोटं नाणं असेल तर ते इतिहास आहे. मी त्याला हात जोडीन. गेल्या दिवाळीत कुणी कारखान्यात ओतलेलं असेल तर ते पितळ आहे. तुमचं पितळ आहे.”

घरी येताना मी हिशेब केला. खोट्या निघालेल्या नाण्याचं मी खोटं नाणं विकलं होतं. तेही पाच रुपये नफा घेऊन. रात्री झोप लागली नाही. गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? सर कचेरीत येणार नव्हते. ज्यांनी घेतली त्यांच्यापैकी एकानं ते चकचकीत करून देवघरात ठेवलं होतं, एकानं मुलाला बक्षीस दिलं होतं. सगळे सुखी होते. फसवणूक झाली आहे हे ठाऊक असलेला मी एकटा होतो. सौ. कूस बदलून म्हणाली, “एवढा त्या सुलतानाचा इतिहास सांगता. त्यानं काय केलं होतं म्हणालात?”

दुसऱ्या दिवशी डबे उघडल्यावर मी जाहीर केलं. नाणी खोटी आहेत, ज्यांना परत करायची त्यांनी आणावीत, पूर्ण पैसे मिळतील. मोहरीच्या डब्यातले सव्वाशे रुपये मी खिशात घालूनच आलो होतो. लोक बरे होते. कुणी हसले, कुणी “राहू द्या हो” म्हणाले आणि तरी दुसऱ्या दिवशी आणलं. दोन दिवस माझ्या टेबलावर पाकिटं, पुड्या, काड्यापेट्या येत राहिल्या. पुडी घ्यायची, पंचवीस रुपये द्यायचे, पुडी खणात टाकायची. तिसऱ्या दिवशी खिशातले पैसे कमी पडले म्हणून स्वतःच्या पंचवीसची भर घातली. हे पैसे कमी का पडावेत, हा प्रश्न हिशेबखात्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत पडला नाही.

संध्याकाळी घरी पुड्या सोडल्या. पाच विकली होती. सहा परत आली होती.

“पाचांची सहा कशी झाली?” सौ. म्हणाली. “रुपयांची कधी होत नाहीत ती!”

मी सहाही ओळीनं मांडली. पाचांवर ‘सुलतान’ शब्दावर ओरखडा. सहाव्यावर नाही. ते अंमळ लहान, एका बाजूला सरकलेलं, झिजलेलं. मला हसू आवरेना. तुघलकाबादच्या खजिनदाराला काय वाटलं असेल ते त्या क्षणी मला नेमकं कळलं. इतिहास वाचून कळतो त्याहून पंचवीस रुपयांत जास्त कळतो.

ते नाणं घेऊन सरांकडे गेलो. या वेळी त्यांनी भिंग लावलं आणि ते काढेचनात. मग हळूच म्हणाले, “हे ठोकलेलं आहे. कडा पाहा, शिवण नाही. झीज खरी आहे. पण अक्षरं पाहा! दौलताबादमधली दोन अक्षरं गाळलीत. सालाचा शब्द वाचताच येत नाही. ज्यानं ठसा कोरला त्याला फारसी येत नव्हतं. त्यानं समोर नाणं ठेवून रेघा उतरवल्यात. सरकारी टांकसाळीतून असलं अक्षर बाहेर पडलं नसतं. महंमदाच्या तर नाहीच.” त्यांनी नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. “अहो, हे खरं खोटं आहे. त्याच काळातलं. कुठं मिळालं?”

कुठं मिळालं, हे मला दोन दिवसांनी समजलं. पुड्या बांधलेल्या कागदांवरून. ती पुडी आमच्या आवकजावकच्या कारकुनाची. मुलगा पैठणकडचा, नुकतं लग्न झालेला, बदलीवर आलेला. त्यानं माझ्याकडून नाणं घेतलंच नव्हतं.

पुन्हा एक रात्र गेली. या वेळी मोह उलट बाजूनं आला होता. त्यानं मला फसवलं होतं, पण जे दिलं ते माझ्या सगळ्या नाण्यांहून मोलाचं होतं. त्याला ठाऊक नव्हतं. मी गप्प बसलो तर फसवणाराच फसला, न्याय झाला, असंही म्हणता आलं असतं. मी तसं म्हणूनही पाहिलं. तेही बद्द वाजलं.

जिन्याखाली गाठून मी त्याला सांगितलं. तो पांढराफटक पडला. आजीच्या डब्यात पडून होतं, म्हणाला. शेतात सापडलेलं, कुणाच्या तरी आजोबांच्या वेळचं. महिनाअखेर होती, घरी रॉकेल नव्हतं. “सगळेच परत करत होते, साहेब. मला वाटलं, सारखंच आहे.”

“सारखं नाही,” मी म्हणालो. “माझी खोटी होती. तुझं...” आणि पुढचं वाक्य कसं पुरं करावं ते मला कळेना. मी नाणं त्याच्या खिशात घातलं आणि सर काय म्हणाले ते सांगितलं.

पुढच्या एक तारखेला तो टेबलाशी आला. पंचवीस रुपये ठेवले, आणि त्यावर ती पुडी ठेवली. “हे तुमच्याकडंच असू द्या,” म्हणाला. “घरी ठेवलं की मला रोज ते रॉकेल आठवतं.” मी पैसे परत करायला गेलो तर घेईना. नाणं परत करायला गेलो तर तेही घेईना. साडेसहाशे वर्षांत त्या नाण्याला बहुधा पहिल्यांदाच असं झालं, की ज्याच्याकडे आहे त्याला ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नव्हतं.

पाच खोट्या नाण्यांपैकी चार मी मुलांना खेळायला दिली. पाचवं आणि माझं स्वतःचं अशी दोन सरांनी मागून घेतली, विद्यार्थ्यांना दाखवायला. सहावं सौ.नं मोहरीच्या डब्यात टाकलं. परात मात्र तिनं त्याच महिन्यात आणली, त्या पंचवीस रुपयांत स्वतःची भर घालून.

२०१६ च्या ८ नोव्हेंबरला रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्याचं ऐकलं आणि आमच्या घरात भूकंप झाला. या वेळी आमच्याकडे त्या नोटा होत्या. सौ.नं मोहरीचा डबा वर्तमानपत्रावर पालथा केला. मोहरीच्या ढिगातून घड्या घातलेल्या नोटा निघाल्या, आणि मागोमाग टप्पकन ते नाणं. तिनं ते उचललं, पदरानं पुसलं.

“उद्या रांगेत उभे राहणारच आहात,” ती म्हणाली. “तर हेही विचारून बघा. बदलून देतात का.”

“असली बदलून देणारा एकच होता,” मी म्हणालो. “आणि लोक त्याला वेडा म्हणतात.”

तिनं नाणं परत डब्यात टाकलं आणि वर मोहरी भरली.